आत्येसासूची फाइल

जावई लग्नाआधी मुलीच्या घरी पहिल्यांदा गेला, तेव्हा मुलीची आत्या टेबलाखाली होती. दिसत होते फक्त पाय. पण आवाज असा, की समोरच्या इमारतीतल्या कबुतरांनी बिऱ्हाड हलवलं, खालच्या मजल्यावरच्या ठार बहिऱ्या आजोबांनी "कोण आलंय?" म्हणून विचारलं आणि जावयाच्या हातातली फुलं जागच्या जागी सुकली. हे तो अजून शपथेवर सांगतो. आत्या एका जुनाट कॉम्प्युटरला झापत होती. "उघड मेल्या. फाइल माझी आहे, तुझ्या बापाची नाही."

आत्या तीस वर्षं सर्किट बोर्डांचे आराखडे काढत आली होती. लिफ्टचे, वजनकाट्यांचे, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्यांचे. त्यातलं अकरा वर्षांचं काम ज्या प्रोग्रॅममध्ये होतं त्याची कंपनी बुडाली, आणि त्या फाइली दुसऱ्या कशातच उघडेनात. म्हणून तो एक कॉम्प्युटर तिने टेबलाखाली पंखा लावून, दुखणाइतासारखा जगवला होता.

जावयाचं नशीब असं, की त्याचा धंदाच बोर्डांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर लिहिण्याचा. दोन खोल्या, चार माणसं. वापरून बघायला जाणकार हवा होता. "आत्या आहे ना," बायको म्हणाली. घरात वाघ आहे तर राखणीला कुत्रा कशाला, अशा सुरात.

आत्याच्या रागाचा एक नियम होता. राग जितका जास्त, तितका आदर जास्त. "अरे" म्हणाली की हवा छान समजावी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "जावईबापू, आपली फाइल डोळ्यांनी वाचता येते का?"

"डोळ्यांनी कशाला, आत्या? प्रोग्रॅम वाचतो. फाइल छोटी होते, झटकन उघडते. शिवाय दुसऱ्या कंपन्यांना उघडता येत नाही."

"आणि आपण बुडालात की मलाही येणार नाही."

"आम्ही कशाला बुडू?"

"तेही हेच म्हणायचे. आपल्यासारखेच हसरे होते."

जावई भडकला. तीन महिने खपून बसवलेली रचना होती ती. टेबलाखालच्या एका डबड्यासाठी ती मोडायची? दोन आठवडे दोघं एकमेकांशी बायकोमार्फत बोलत होते. बायको निरोप पोचवून कंटाळली आणि म्हणाली, "तू तिच्यासाठी लिहितोयस, की तिच्यापासून लपवायला?" तो आणखी चिडला. आणि फणफणतच त्याने फाइल बदलली. आता ती साधा मजकूर होती. एका ओळीत बोर्डावरचं एक छिद्र, एका ओळीत एक तार, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशी.

चार दिवसांनी आत्या ऑफिसात आली ती कागदांचे दोन गठ्ठे घेऊन. गठ्ठे तिने टेबलावर अलगद ठेवले. अलगद ठेवले म्हणून चौघांनीही हातातलं काम थांबवलं.

"श्रीमान जावईबापू, काल मी एक छिद्र सरकवलं. एकच. ही आधीची प्रत, ही नंतरची. जरा पट्टी लावून ताडून पाहण्याची कृपा करावी."

त्याने पट्टी लावली. पहिली ओळ वेगळी. दुसरी वेगळी. चार हजार ओळी वेगळ्या. सगळ्या होत्या, पण दर वेळी फाइल जतन करताना प्रोग्रॅम त्या पत्त्यांसारख्या पिसत होता. मशीनला क्रम लागत नाही, म्हणून तो ठेवायचं जावयाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काय बदललं ते मला कळलं पाहिजे. गिऱ्हाईक विचारतं. माझ्या नकळत सरकलेल्या एका छिद्रापायी चाळीस लिफ्ट अडकल्या होत्या, आणि बोलणी मी खाल्ली. वाचता येतं पण समजत नाही, अशी फाइल करायला अक्कल लागते. ती आपल्याकडे विपुल आहे."

जावयाचे कान तापले. उलट बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि नजर पुन्हा कागदांवर गेली. तिने खरोखर अठरा पानं पेन्सिलीने ताडली होती. प्रत्येक ओळीसमोर बारीकशी खूण होती. एकोणिसाव्या पानावर पेन्सिलीचं टोक मोडलं होतं आणि कागद फाटला होता.

त्या आठवड्यात त्याने ओळींना कायमचा क्रम लावला. एक छिद्र सरकवलं की एकच ओळ बदलायची. आत्याने पट्टी लावली, खालपर्यंत गेली आणि म्हणाली, "अरे, चहा सांग."

सॉफ्टवेअर एकोणीस जणांनी विकत घेतलं. तिसऱ्या वर्षी जावयाची कंपनी बंद पडली. आत्याने आपल्या फाइली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेल्या; त्या कामाला एक दुपार लागली.