तिसऱ्या रकान्यातली खूण

आमच्या गणिताच्या सरांना पोरं साडेसात सर म्हणायची. दहापैकी साडेसातच्या वर त्यांचं पेन कधी चढलंच नाही, म्हणून. ज्यांनी त्यांच्या तासाचा धसका घेतला होता, ती नुसतं साडेसाती म्हणायची. सरांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींचं त्यांना काही वाटत नसे. मी त्या शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं क्लार्क आहे. सगळे निकाल माझ्याच हातानं चढतात. या सव्वीस वर्षांत सरांच्या विषयात शंभरापैकी पंच्याहत्तर मिळालेली पोरं मोजून पाच, आणि त्यातली पाचवी, जिची ही गोष्ट आहे ती मुलगी.

एकदा एक पालक पेपर घेऊन भांडायला आले होते. उत्तरं सगळी बरोबर, पायऱ्या बरोबर, अक्षरसुद्धा मोत्यासारखं, मग बाकीचे मार्क गेले कुठं, असं त्यांचं म्हणणं. सरांनी पेपर नीट पाहिला आणि शांतपणे विचारलं, "उद्या याहून चांगलं कुणी लिहिलं, तर त्याला काय देऊ?" पालकांनी पेपर घडी करून खिशात घातला. मला मात्र हसू आवरेना. याहून चांगलं लिहिणारा काही येत नव्हता, आणि सर आपले त्याच्यासाठी जागा धरून बसलेले, बसमध्ये रुमाल टाकून ठेवावा तसे.

माणूस वाईट नव्हता. छडी नाही, आरडाओरडा नाही. लाल शाईला पोरं घाबरतात म्हणून हिरव्या शाईनं वह्या तपासायचे. खडू अगदी चिमटीत मावेनासा होईपर्यंत वापरायचे. फक्त तोंडातून चांगला शब्द म्हणून निघायचा नाही. चहा चालेल, मी टाइप केलेलं पत्र चालेल, शाळेची नवी इमारत चालेल. त्यांची बायको मला एकदा म्हणाली होती, बावीस वर्षं रांधते आहे, पण 'चालेल'च्या पुढे गाडी गेली नाही, ताट तेवढं चाटूनपुसून साफ असतं. ती वारली, त्यानंतर आठवडाभरानं सर ऑफिसात आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "फार चांगली होती हो." मला त्यांची कीव आली आणि रागही आला. हे मला सांगून काय उपयोग होता?

गावात मात्र सरांच्या पंच्याहत्तरला किंमत होती. इथल्या कॉलेजातले लोक गुणपत्रिकेवर सरांची सही पाहिली की पुढचं काही विचारत नसत. साडेसात सरांचे पंच्याहत्तर, म्हणजे पोर सोन्यासारखं, हे सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे त्याचा खुलासा कधी कुणाला करावा लागला नाही.

आता त्या मुलीबद्दल. सर तिला शंका म्हणायचे, कारण ती तासाला चारदा तरी हात वर करायची. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. घरी ह्या दोघीच. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंच्या परवानगीनं ती माझ्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसायची. तिथंच तिला शोध लागला, की अमेरिकेत काही विद्यापीठं अशी आहेत, जी बाहेरच्या देशातल्या मुलाला एकदा घेतलं की शिकण्याचा, राहण्याचा, जेवणाचा सगळा खर्च स्वतः करतात. फक्त घेतलं पाहिजे. मी म्हटलं, बाळा, त्या 'फक्त'मध्येच सगळी गोम आहे. ती हसली आणि तिनं नऊ ठिकाणांची यादी काढली.

आमच्या शाळेतून असा अर्ज कुणी कधी केलेला नव्हता. कुणाला काही माहीत नव्हतं, आणि आम्ही सगळे अंधारात चाचपडत होतो. तिकडची परीक्षा द्यायला ती सहा तास बसनं दुसऱ्या शहरात गेली, आणि गणितात जवळजवळ पैकीच्या पैकी घेऊन आली. निबंध तिनं स्वतः लिहिले. राहिली दोन शिक्षकांची शिफारस आणि शाळेनं भरायचा फॉर्म. तो अर्थात माझ्याकडे आला.

त्या फॉर्मात एक प्रश्न होता: तुमच्या शाळेत मार्क कसे देतात, ते समजावून सांगा. खाली सहा ओळींची मोकळी जागा. मी नियमांचं पुस्तक काढलं आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं: 'कमाल गुण शंभर.' साडेपाच ओळी रिकाम्या सोडल्या. सरकारी कागदावर विचारलं तेवढंच लिहावं, हे माझं सव्वीस वर्षांचं शहाणपण.

शिक्षकांच्या फॉर्मात डावीकडे मुलीचे गुण लिहिलेले, बुद्धी, मेहनत, वागणूक वगैरे, आणि पुढे सहा रकाने. पहिला 'सरासरीहून कमी', तिसरा 'चांगली', आणि सहावा 'मी आजवर शिकवलेल्यांतली सर्वोत्तम'. भाषेच्या बाईंनी उभ्याउभ्या, एका हातात चहाचा कप धरून, वरपासून खालपर्यंत सहाव्या रकान्यात खुणा केल्या. पाच मिनिटांत काम फत्ते. सरांनी तो फॉर्म दोन दिवस खिशात बाळगला. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून, एकेक ओळ दोनदा वाचून, तिसऱ्या रकान्यात खुणा केल्या.

मी म्हटलं, सर, जरा सढळ हातानं करा की. ते म्हणाले, तिकडची माणसं आपल्या शब्दावर विश्वास ठेवणार, तो वजन करूनच दिला पाहिजे. आणि अठराव्या वर्षी सर्वोत्तम म्हटलं तर पोर पुढं काय करणार? मग त्यांनी पत्र लिहिलं. चार वाक्यं. मुलगी गणितात चांगली आहे. शंका विचारते. कधी घाई करते. योग्य मार्गदर्शन मिळाल्यास प्रगती करेल.

आज हे वाचून कुणाला हसू येईल, पण मला तेव्हा भरून आलं होतं. सरांनी कुणाबद्दल 'प्रगती करेल' लिहिलेलं मी प्रथमच पाहत होते. मी ते टाइप केलं, सरांच्या खुणा कॉम्प्युटरवर तशाच उतरवल्या आणि पाठवायचं बटण दाबलं. एकदा पाठवलं की त्यात काही बदलता येत नाही, अशी सूचना पडद्यावर होती.

उत्तरं यायला लागली तेव्हा परीक्षा संपल्या होत्या. ती रोज साडेचारला यायची, वाचायची, कॉम्प्युटर बंद करायची आणि खुर्ची आत सरकवून जायची. नकारसुद्धा किती गोड भाषेत! यंदाचे अर्ज थक्क करणारे होते, निवड अतिशय अवघड होती, तुम्हाला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. सहाव्या नकारानंतर तिची आई कामावरून तशीच ऑफिसात आली. हात पाण्यानं सुरकुतलेले. खालच्या आवाजात मला विचारलं, पोरीत काय कमी पडतंय ते तरी कळेल का, म्हणजे तिला समजावता येईल. मी म्हटलं, नशीब. दुसरं काय म्हणणार?

आठ नकार झाले. नववं कॉलेज लहान होतं, त्यांनी तिला प्रतीक्षायादीत ठेवलं. आणि दोन दिवसांनी तिथल्या प्रवेश बघणाऱ्या एका बाईंचं पत्र थेट शाळेला आलं. त्यांनी लिहिलं होतं, की आमचा गोंधळ होतो आहे. बाहेरच्या परीक्षेत ही मुलगी गणितात सर्वांत वर दिसते, पण शाळेत चार वर्षं पंच्याहत्तरच, आणि गणिताच्या शिक्षकांनी तिला मधल्या रकान्यात ठेवलं आहे. शाळेला याबद्दल काही सांगायचं आहे का?

मी ते पत्र तीनदा वाचलं. माझ्या साडेपाच रिकाम्या ओळी डोळ्यासमोर आल्या. पंच्याहत्तरच्या वर इथं कुणालाच मिळत नाहीत, एवढं एक वाक्य लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं.

सर वर्गात होते. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि पत्र दिलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. मग विचारलं, "तिकडे तिसरा रकाना म्हणजे काय समजतात?" मी तोवर भाषेच्या बाईंना विचारून आले होते, त्यांचा भाचा तिकडे असतो. मी सांगितलं, तिकडे सगळेच सहाव्यात खूण करतात, आणि तिसरा म्हणजे हिला घेऊ नका. सरांनी भिंतीला हात टेकला. वर्गात पोरं कुजबुजत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

तीन दिवस ते मधल्या सुट्टीत माझ्या ऑफिसात बसून लिहीत होते. लिहायचे, खोडायचे, परत लिहायचे. चांगला शब्द लिहिताना या माणसाला घाम फुटत होता. शेवटी दोन पानी पत्र झालं. एकतीस वर्षांत अशी विद्यार्थिनी मी शिकवली नाही, हे पहिलंच वाक्य. माझ्या शंका तिनं दूर केल्या, असंही त्यात एक वाक्य होतं. मीही मार्कांचा सगळा खुलासा लिहिला, आणि आम्ही दोन्ही पाठवून दिलं.

चार दिवसांनी त्या बाईंचं उत्तर आलं. मनापासून आभार मानले होते. पत्र वाचून फार वाईट वाटलं, असंही लिहिलं होतं. पण बाहेरच्या देशातल्या मुलांसाठी खर्चासह ठेवलेल्या जागा भरून गेल्या होत्या. विद्यार्थिनीनं पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, आम्ही तो जरूर पाहू.

सरांनी त्या शेवटच्या वाक्यावर हिरव्या शाईनं रेघ ओढली. पुढचे कितीतरी दिवस ते तेवढंच बोलत होते. वर्ष काय, चुटकीसरशी जाईल. फॉर्म मी स्वतः भरीन. नऊच काय, वीस ठिकाणी करू. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शंका शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली ती सकाळच्या वेळी. हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीवर तिला काम मिळालं होतं, त्यांना दाखला हवा होता. केस घट्ट बांधलेले, गळ्यात नवं ओळखपत्र. मी शिपायाला सरांकडे धाडलं. सर तास सोडून आले. सव्वीस वर्षांत तास सोडून आलेले मी प्रथमच पाहिले.

त्यांनी काहीही लपवलं नाही. तिसरा रकाना, चार वाक्यं, नवव्या कॉलेजच्या बाईंचं पत्र, सगळं सांगितलं. "दोष तुझा नव्हता. चूक माझी झाली. मी शिकवलेल्यांत तुझ्याइतकं हुशार कुणी नाही. पुढच्या वर्षी परत अर्ज कर." आणि त्यांनी आपल्या दोन पानी पत्राची प्रत तिच्यापुढे धरली.

तिनं ती घेतली. पहिल्या पानाच्या निम्म्यापर्यंत वाचली असेल. मग विचारलं, "सर, तो फॉर्म भरताना तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, असंच लिहा म्हणून?"

सर म्हणाले, "नाही."

"मग तेच खरं होतं." ती रागावली नव्हती, याचाच मला जास्त त्रास झाला. "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे लिहिलंत. कुणासाठी कधी खोटं बोलला नाहीत, माझ्यासाठी बोललात. एवढं पुष्कळ झालं, सर."

मी मध्ये पडले. म्हटलं, अगं, खोटं नाही ते, मी बघत होते, घाम गाळून लिहिलंय त्यांनी. ती म्हणाली, "काकू, खरं लिहायला त्यांना कधी घाम आला होता का?"

तिनं पत्र घडी करून सरांना परत दिलं, रजिस्टरमध्ये दाखला मिळाल्याची सही केली, आणि अकराला खिडकी उघडायची असते म्हणून निघाली. सर दारापर्यंत गेले. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत तिथंच उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तिनं मला बरोबर ओळखलं होतं. आता हे पत्र खरं आहे, ते तिला कसं पटवू?"