ताटातलं नाव
तांदूळ निवडायला ताटात पसरले की माझं बोट थबकतं. आष्ट्याला लग्नात असंच ताट पुढं आलं होतं आणि सासूबाईंनी निवडलेलं माझं नवं नाव नवऱ्यानं त्यात अंगठीनं लिहिलं. लग्नाच्या दाखल्यावर तेच चढलं, पासपोर्टवर मात्र माहेरचं राहिलं. नवरा कॅनडाला पुढं गेला आणि माझा व्हिसा अडला, कारण दाखल्यातली बायको मीच कशावरून? भरलेल्या बॅगा दाराशी पडून होत्या, बांधलेल्या लाडवांना वास यायला लागला, मी घटकेघटकेला मेल बघायची आणि सासूबाईंशी धड बोलायचीही नाही. शेवटी सांगलीत कोर्टाबाहेर वकिलांनी प्रतिज्ञापत्र केलं, साक्षीला सासूबाई. “आवं वकीलसाहेब, नाव मी बदललं, पोरगी तीच हाय. तसंच लिवा,” त्या म्हणाल्या आणि सही केली. बाहेर माझ्याकडं न बघताच पुटपुटल्या, “लय चुकलं गं माजं. तिकडं तुज्याच नावानं ऱ्हा.” व्हिसा आला, कॅनडात राहिले तशीच. फोनवर मात्र त्या शेवटपर्यंत नव्याच नावानं हाक मारायच्या. आता त्या नावानं हाक मारणारं कुणीच नाही. ताटात ते मीच बोटानं लिहिते, आणि मग ते तांदूळ धुवायला हात धजत नाही.