ढोलाची परवानगी

तुर्कस्तानातल्या आमच्या लुलेबुर्गाझ गावच्या रोमा मोहल्ल्यात सुतक असलेल्या घराने हो म्हटल्याशिवाय लग्नाचा ढोल वाजत नाही. माझ्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं, तेव्हा शेजारच्या, नुकत्याच वारलेल्या सेझाईचा चाळिसावा दिवस व्हायचा होता. पंचाईत अशी, की गल्लीतला ढोलवाला नेझिर हा सेझाईचाच थोरला भाऊ.

दोघे भाऊ इस्तंबूलच्या एका तळघरातल्या क्लबात जॅझ वाजवायचे. आमच्या नाचाचा ठेका लंगडा: दोन, दोन, दोन आणि मग तीन मात्रा. शेवटच्या तीनवर नेझिर हात रोखून धरायचा, आणि त्या मोकळ्या जागेत सेझाईचा सॅक्सोफोन शिरायचा. शहरातले लोक खुळावत. इथली म्हातारी माणसं म्हणत, "अरे, पण पाय ठेवायचा कुठे?" इस्तंबूलहूनच परतताना रस्त्यावर अपघातात सेझाई गेला.

आई आणि मी परवानगी मागायला गेलो. त्यांच्या आईने, हाफिझेकाकूंनी, चहा दिला.

"पोरीचं लग्न कशाला अडवू? वाजू दे." मग त्या नेझिरकडे वळल्या. "पण सरळ वाजवायचं, बापासारखं. ते इस्तंबूलचं नको. माझं एक पोर गिळलंय त्यानं."

"बरं, आई."

लग्नात त्याने सरळच वाजवलं. गल्ली नाचू लागली. मग सनईवाल्याने एक सूर लांबवला आणि तीनवर नेझिरचा हात थांबला. नाचणाऱ्यांचे पाय अधांतरी.

नवऱ्याचा मामा ओरडला, "ए नेझिर, झोप लागली काय रे?"

लोक हसले. नेझिरने ठेका पकडला. पुढच्या फेरीला हात पुन्हा तिथेच थांबला. मान किंचित वळवून तो कुणाची तरी वाट पाहत होता.

हाफिझेकाकू नाचणाऱ्यांमधून वाट काढत आल्या आणि त्यांनी ढोलाच्या कातड्यावर तळवा ठेवला.

"परवानगी तुला दिली होती. त्याला नाही."

"आई, मी मुद्दाम नाही गं..."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर म्हणते, घरी चल."

आई मध्ये पडली. "ताई, आज पोरीचं लग्न आहे हो."

"पोरीला माझा आशीर्वाद आहे. ढोलाला नाही."

उरलेलं लग्न स्पीकरवर झालं.

चाळिसावा उरकल्यावर इस्तंबूलहून सेझाईच्या जागी वाजवायला दुसरा सॅक्सोफोनवाला आला. नेझिरच्या अंगणात दोघं वाजवायला बसले. मोकळी जागा आली, त्या मुलाने ती सुरेख भरली. नेझिरने दांडा खाली ठेवला.

"छान वाजवतोस," तो म्हणाला. "जेवून जा."