लेकीच्या गल्लीतले अत्तरवाले चाचा

ज्याच्याशी जाता जाता एक शब्दही बोलता येत नाही, असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो आमच्या लेकीच्या सासरच्या गल्लीत अत्तर विकतो. नांदेडच्या जुन्या भागात, नदीकडे उतरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान. गल्ली त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. बोलण्याआधी चाचा समोरच्याचे दोन्ही खांदे धरतात, त्याला आपल्याकडे वळवतात, स्वतःच्या तोंडावर उजेड पडेल असे उभे राहतात आणि मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून, समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडतील अशा आवाजात बोलतात. गिऱ्हाइकाने हिन्याच्या अत्तराचा भाव विचारला तरी आधी वळायचं, मग भाव. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी असा वळवला, की मागे हार घेऊन उभे असलेले कार्यकर्ते हार घेऊन तसेच राहिले.

आमची ओळख झाली ती लेकीला नांदेडचं स्थळ आलं तेव्हा. तिला लहानपणापासून कमी ऐकू येतं, कानात यंत्र असतं. मुलाकडच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि "आमची काही हरकत नाही" असं तेही म्हणाले होते. पण हरकत नाही म्हणायला एक क्षण पुरतो, संसार रोजचा असतो. आज हौसेने मोठ्यांदा बोलणारी माणसं उद्या कंटाळली तर? पोर भरल्या घरात एकटी पडली तर? या विचाराने माझी झोप उडाली होती. "गुपचूप चौकशी करून या, कुणाला कळू देऊ नका," असं बायकोने बजावलं आणि मी लातूरहून सकाळची एसटी धरली.

नांदेड मला नवखं. भर दुपारी गल्ली पेंगुळली होती, पडदे हलत होते, माणूस दिसत नव्हता, आणि कुठूनसा ओल्या मातीचा वास येत होता. आभाळात तर ढगाचा पत्ता नाही. त्या वासामागे मी झोपेत चालल्यासारखा निघालो. इतक्यात मागून दोन हात खांद्यांवर पडले. मी पिशवी छातीशी धरली.

"कोन पायजे?" मला वळवून घेत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ म्हणाले.

"भाड्याने खोली बघतोय," मी पढवलेलं उत्तर दिलं.

"खोली बगनारा भिंती बगतो. तुमी मघापासून दारातल्या चपला बगून राहिले. आमच्या गल्लीतल्या पोराचं लातूरला जमून राहिलं, ठाव हाय मला. लेकीचे वडील हाव ना?"

मी हो म्हणायच्या आत त्यांनी माझ्या मनगटावर मातीच्या अत्तराचं बोट फिरवलं, मला बाकावर बसवलं आणि गल्लीला हाक दिली. "लातूरचे पाव्हने हायत. मुलाची चौकशी करायला आलेत. काय माहीत हाय ते सांगा."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. खिडक्या उघडल्या, माणसं जमली. मुलगा गुणी आहे, पण लोणच्याची बरणी त्याच्यापासून लपवावी लागते, असं एका मावशींनी सांगितलं. त्याने लहानपणी फोडलेली काच एका आजोबांनी मला नेऊन दाखवली. गंमत म्हणजे जो येई तो माझ्यासमोर उभा राही, माझ्याकडे बघे आणि सावकाश बोले.

"इथे सगळेच असं का बोलतात?" मी चाचांना विचारलं.

त्यांनी दुकानात आत बोट दाखवलं. कुप्यांत अत्तर भरत चाची बसल्या होत्या. "हिला बचपनपासून ऐकू येत न्हाई. व्हट बगून समजून घेते. निकाहनंतर मी गल्लीत सांगितलं, हिच्याशी समोर येऊन बोलत जा. मंग सगळ्यांलाच आदत लागली. ह्या गल्लीत वाढलेली पोरं तर असंच बोलतात."

तेवढ्यात नियोजित जावईच स्कूटरवरून आला. मी अत्तराच्या कपाटाआड सरकलो. त्याने स्कूटर बंद केली, आत येऊन चाचींच्या पुढ्यात उकिडवा बसला, त्यांनी मान वर करेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "चाची, तुमचं औषध आणलंय. रात्री जेवून घ्या." चाची हसल्या. त्याच्या गालावरून त्यांनी हात फिरवला, आणि माझे डोळे भरून आले. परतीच्या एसटीत लोहा कधी आलं, अहमदपूर कधी गेलं, कळलं नाही. मनगट नाकाशी धरून मी तसाच तरंगत लातूरला पोचलो आणि बायकोला म्हणालो, "देऊन टाकू."

लग्न झालं. लेक रमली. पूर्वी आमच्याकडे पाहुणे आले की आतल्या खोलीत बसणारी पोर आता गल्लीभर बोलत फिरते. लातूरला येते, चार दिवस राहते आणि मग म्हणते, "बाबा, आता घरी जाते." मी हो म्हणतो, पिशव्या उचलून स्टँडवर सोडायला जातो. हेच तर हवं होतं मला. मिळाल्यावर ते इतकं जिव्हारी लागेल, हे मात्र त्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या खेपेला चाचांना हे बोलून दाखवलं. त्यांनी कुपीचं बूच लावलं आणि माझ्या शेजारी बाकावर टेकले.

"माझी लेक बिलोलीला दिली हाय," मला न वळवताच ते म्हणाले. "ती बी 'आता घरी जाते' असंच म्हनते."

मग नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याकडे बघत त्यांनी माझ्या मनगटावर मातीच्या अत्तराचं बोट फिरवलं.