रांजण अजून बोलतोय

प्रिय अमेय आणि सई,

गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, आवाज असा का?" मी "ओळखीच्या एक बाई गेल्या" म्हणून विषय संपवला. ते बरोबर नव्हतं. चांगुणा गेली होती... डोळखांबकडच्या पाड्यावरची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती कोण होती हे सांगायला आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

माझे वडील, नाना, मुरबाडला वैद्य होते. घरामागच्या कोठीत त्यांची आसवं-अरिष्टं, म्हणजे आंबवून केलेली औषधं, मुरत. काढा, गूळ आणि धायटीची फुलं रांजणात भरायची, तोंड कापडानं आणि मातीनं लिंपायचं आणि रांजण महिनाभर भाताच्या तुसात पुरून ठेवायचा. तूस गावातून येई, फुलं पाड्यांवरच्या बायका आणत, आणि पाड्यावर कोणी बाळंत झाली की नानांकडून दशमूलारिष्टाची बाटली जाई. फुलं आणता आणता चांगुणा कोठीतच राबू लागली. रांजणाला कान लावून ती आतली खदखद ऐके. "बोलतोय," म्हणाली की नाना थांबत. "निजला," म्हणाली की तोंड उघडत. नानांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, पण हे आम्हा तिघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

दारूबंदी आली तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. अबकारीचे एक साहेब कोठी पाहून गेले. आत दारू आहे का, ते उद्या रांजण उघडून तपासणार म्हणाले. वेळेआधी उघडलेलं अरिष्ट आंबट होऊन फुकट जातं. चांगुणाला पाचवा महिना होता. "माझ्या बालंतपनाचा हाय तो," एवढंच ती म्हणाली. मी दहा दिवसांची मुदत मागणारा इंग्रजी अर्ज लिहिला आणि तिला मराठीत सांगितला.

"रांजन बोलतोय, ह्ये लिवलंस का?"

"अर्जात असं लिहीत नाहीत गं."

"मंग सायबाला कसं कलंल? येवढी शिकलीस नि खरं तेवढंच गालून टाकलंस!"

लाजतच मी ती ओळ घातली.

दुसऱ्या दिवशी अर्ज वाचताना साहेब नेमके त्याच ओळीवर थांबले. "कोण ऐकतं?" नाना चांगुणाकडे बोट करून म्हणाले, "ही. मला आता ऐकू येत नाही."

"टोपी काडा सायेब," चांगुणा म्हणाली, "तिच्यानं नाय आइकू यायचं."

साहेबांनी हॅट काढली, तुसात गुडघे टेकले आणि कान लावला. बराच वेळ. "दहा दिवस," ते उठत म्हणाले. कानाला तूस तसंच चिकटलेलं होतं.

नवव्या दिवशी रांजण निजला. तपासणीत औषधच ठरलं. चांगुणाला मुलगी झाली, तेव्हा त्याच रांजणातली बाटली मी स्वतः पाड्यावर नेली.

त्या रांजणात मी दरवर्षी थोडं द्राक्षासव मुरायला घालते आणि चांगुणा ते ऐकायला येई. गेल्या वर्षी तिनं कान लावला, बराच वेळ तशीच राहिली, मग माझा हात धरून म्हणाली, "तू आइक, नि मला सांग." मी ऐकलं. "बोलतोय," तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले. ती हसली.

नानांची कोठी आता नाही. रांजण इथे शहापूरला माझ्याकडे आहे. कड थोडी टवकली आहे, बाकी शाबूत. यंदाचं आसव त्यात आहे. आज सकाळी ऐकलं... अजून बोलतोय.