सोलापूरची कोरडी हवा आणि टाचेचं मुठेल

कणकवलीच्या स्टँडवर पहाटेच्या दवात एसटीची काच पुसत बसलो, तेव्हा अंगात साधा शर्ट होता, मांडीवर सनईची पेटी आणि पायाशी पिशवीत मुठेलाचा एक गोळा. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल. मुठीत दाबून वळतात म्हणून मुठेल. आमच्याकडे ते न्हाणीघराच्या कोनाड्यात वहाणांशेजारी पडलेलं असतं आणि भेगाळलेल्या टाचांना लावतात. हा गोळा मी सोलापूरच्या आक्कांसाठी नेत होतो.

आक्का म्हणजे माझा मित्र मिलिंद याची आई. मिलिंद नोकरीच्या सुरुवातीला कणकवलीत होता आणि आमच्याच घरी भाड्यानं राहायचा. त्याची सुजाता तेव्हा बालवाडीत जायची. सकाळी मी ओटीवर वाजवायला बसलो की डोळे चोळत यायची, आणि माझी एक ठरलेली धून ऐकल्याशिवाय दप्तर उचलायची नाही. माझ्या लग्नात काकाच वाजवणार, हे तिनं तेव्हाच जाहीर करून टाकलं होतं. आता तिचं लग्न ठरलं आणि पहिला फोन मला आला. मी म्हटलं, आलोच समज. कबूल केलेलं वाजवणं मी जन्मात चुकवलेलं नाही, आणि हे मी चारचौघांत सांगतोही.

फोंडाघाट चढला आणि दव मागे राहिलं. कोल्हापूरला गाडी बदलली. मिरज मागे पडल्यावर झाडी विरळ होत गेली, माती काळपट झाली, आणि हवेतलं पाणी कुणीतरी पिळून काढल्यासारखं नाक आतून सुकायला लागलं. सांगोल्याला गाडी थांबली तशी खाली उतरून डाळिंबं घेतली. टोपलीमागे बसलेल्या बाईंनी नाकातोंडावरून पदर घट्ट ओढून घेतला होता. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तोंड बांधा, पावनं. हितला वारा लई खातो."

मी हसलो. आम्ही समुद्राकडची माणसं, आम्हाला वाऱ्याचं काय कौतुक! पुढे मंगळवेढ्याच्या बाजूला रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी होती. ती बघत खिडकी उघडी टाकून बसलो आणि ओठ सुकले की जिभेनं ओले करत राहिलो. सनईवाल्याला ती खोडच असते.

जुळे सोलापुरातल्या मिलिंदच्या फ्लॅटवर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आक्कांनी मुठेलाचा गोळा दोन्ही हातांत घेऊन दाबून बघितला, भिंतीला टेकून बसल्या आणि तिथंच टाचांना घासायला सुरुवात केली. दर हिवाळ्याला त्यांच्या टाचा अशा फुटतात की पाऊल टाकवत नाही. जेवायला कडक भाकरी, दही आणि सोलापूरची शेंगाचटणी होती. आता या चटणीपुढे कुणी हात आखडता घ्यावा? मी तीनदा वाढून घेतली.

सकाळी जांभई दिली आणि खालचा ओठ मधोमध फाटला.

सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. सनई काढली, पत्ती ओठांत धरली आणि फुंक मारली, तर डोळ्यांसमोर काजवे चमकले. सनईची पत्ती ओठांनीच आवळायची असते. सूर चढवायचा, उतरवायचा, सगळं तिथं. तो ओठच उघडा पडला तर सनई म्हणजे नुसती लाकडाची नळी. पत्तीला रक्त लागलं होतं. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी घाबरलो, खरंच घाबरलो.

मग घरातल्या प्रत्येकाने आपापला उपाय काढला. आक्कांनी बेंबीत तूप घालायला लावलं. बेंबी मऊ झाली, ओठ होता तसाच. मिलिंदच्या बायकोने दुधावरची साय दिली, ती मी चाटून टाकली. मिलिंद स्कूटरवरून जाऊन मेडिकलमधून ओठांना लावायची कांडी घेऊन आला. तिला स्ट्रॉबेरीचा वास होता. तीही दुपारपर्यंत माझ्या पोटात गेली. वास गोड आला की माझी जीभ माझं ऐकत नाही. वरून निघालेलं साल मी दातांनी ओढलं आणि जखम आणखी वाढवून ठेवली.

तिसऱ्या प्रहरी आक्का उन्हात पाय पसरून पुन्हा टाचांना मुठेल लावत बसल्या होत्या. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. काल ज्या भेगांत नख गेलं असतं, त्या मिटायला आल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कळसाही मीच आणलेला!

पण मागायचं कसं? भेट दिलेली वस्तू, आणि तीही पायाला घासलेली. मी घुटमळतोय हे आक्कांनी ओळखलं. त्यांनी विळीवर गोळ्याचे दोन भाग केले आणि न घासलेला भाग माझ्यापुढे धरला. तरी माझा हात पुढे होईना. म्हटलं, "आक्का, हे पायाचं हो. आमच्याकडे तोंडाला नाही लावत."

आक्कांनी विळी मिटून बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पायाची काय, ओठाची काय, कातडी कातडीच की. कोण वरचं, कोण खालचं, हे तू मला सांगतोस व्हय?"

मिलिंद दारात उभा राहून ऐकत होता. वरचं कोण आणि खालचं कोण, कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही, हा पाढा आमच्या दोन्ही घरांच्या मागच्या पिढ्यांनी पाठीवर वळ घेऊन ऐकला होता. आणि मी तो एका तेलाच्या गोळ्याला लावत होतो. मी गोळा घेतला, बोटावर वितळवला आणि ओठांवर जाड थापला.

मग आक्कांचा अंमल सुरू झाला. जीभ लावायची न्हाय, बोलायचं न्हाय, हसायचं न्हाय. त्यांनी माझ्या तोंडावर मिलिंदचा मफलर बांधला. आमच्यासारख्या बोलघेवड्याला याहून मोठी शिक्षा नाही, आणि सगळं घर माझी मजा बघत होतं. गच्चीवर हुरडा भाजला, शेंगाचटणी फिरली, मी मात्र कोपऱ्यात दूधभात गिळत बसलो. मुठेलाला ना वास होता ना चव, त्यामुळे जिभेलाही त्याचा मोह पडला नाही.

लग्नाच्या सकाळी ओठ मिटला होता, पण कच्चा होता. मी सुजाताला सांगितलं, एकदाच वाजवीन, कधी ते तू ठरव. ती म्हणाली, "निघताना नको काका, सगळे रडतील. मी हॉलमध्ये येताना वाजवा. आपली शाळेची धून."

ती दारात दिसली आणि मी पत्ती ओठांत धरली. पहिला सूर लागला तेव्हा दुखलं, दुसऱ्याला कमी दुखलं. पांढऱ्या साडीत ती सावकाश चालत आली, आणि धुनेच्या मधल्या वळणावर दप्तराचा पट्टा सावरावा तसा तिचा हात आपोआप खांद्याकडे गेला. मला आनंदानं भरून आलं. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, लग्न लागलं. माझा ओठ शाबूत होता. शहाण्या माणसानं तिथं पेटी बंद केली असती.

पण निघताना ती गाडीत बसण्याआधी वळली आणि माझ्याकडे बघितलं. मी सनई उचलली. तीच धून, या वेळी शेवटपर्यंत. शेवटच्या लांब सुरावर ओठ फुटला, मला कळलं, पण सूर मी सोडला नाही. गाडी वळणाआड गेल्यावरच खाली आणला. सगळे रडत होतेच. आक्कांनी पदरानं माझा ओठ टिपला.

"फुटला न्हवं?" त्या म्हणाल्या. "फुटू दे. मुठेल हाय की."

परतीच्या गाडीत मी सांगोल्याच्या आधीच मफलर बांधून बसलो. घाट उतरताना ओली हवा आत आली आणि चेहऱ्यावरची ओढ सैल झाली. हवा फुकट मिळते म्हणून आपण तिचे गुण आपल्या नावावर मांडतो. माझ्या ओठांची एवढी फुशारकी होती, ती सगळी आमच्या समुद्राची होती.

घरी आल्यावर हातपाय धुतले, न्हाणीतल्या कोनाड्यातून नवा गोळा घेतला आणि सनईच्या पेटीत, पत्तीच्या डबीला लागून ठेवला. बायको बघत होती. तिनं विचारलं, "पायाक लावचां मुठेल सनयेच्या पेटयेत?" (पायाला लावायचं मुठेल सनईच्या पेटीत?)

मी पेटी मिटली आणि सोलापुरीत उत्तर दिलं, "कातडी कातडीच की."