पुड्यावरची गाळलेली ओळ

बारदान्याच्या शेडमध्ये पाणी न्यायचं नाही, हा अब्बांचा एकच कडक नियम. बारदाना म्हणजे धान्याची तागाची पोती. कामरगावातले व्यापारी फाटकी पोती आणून टाकतात आणि अब्बा दाभण-सुतळीनं ती शिवून देतात. पोत्याला ओल लागली की ते आतून कुजतं, वरून कळतसुद्धा नाही. म्हणून तहान लागली तर अब्बाही उठून बाहेरच्या माठाशी जातात. हा नियम आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते या नियमामुळं झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते. ते खरं नाही.

शेडचं दुसरं दुखणं म्हणजे उंदीर. त्यांच्यासाठी एक करडा बोका होता. त्याला नाव नव्हतं. अब्बा त्याला मजूर म्हणायचे. सकाळी तो पोत्यांच्या थप्पीवर येऊन बसला की म्हणायचे, "आला आमचा मजूर. हजेरी लावा रे." उन्हाळ्यात शेडचं दार दिवसभर लोटलेलं असायचं आणि बोका आत, कामावर.

रस्त्यापलीकडं चाचांचं मटणाचं दुकान आहे. सख्खे चाचा नाहीत, अब्बांचे लहानपणचे दोस्त. आमच्याकडं मटण सारखे ढीग करून, वाट्यानं विकतात. चाचा रोज सकाळी पहिल्यांदा बोक्याचा वाटा बाजूला काढायचे. छिछडे म्हणजे मांसाची टाकाऊ कातरणं, चिवट पडदे, फुफ्फुसाचा एखादा तुकडा. मी स्टीलचा डबा घेऊन जायची. उशीर झाला की चाचा हाक मारायचे, "अवं पोट्टी, तुया मजूर सपनात छिछडे पाहून राह्यला असन, ने लवकर!" दुकानासमोरची माणसं हसायची. मीही हसायची. शाळेत होते तोवर.

मग मी वाशीमला कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. होस्टेलवर कुणी मला वाईट वागवलं असं नाही. पण मी जेवणाबद्दल बोलायचं टाळू लागले. घरून आले की बॅग आधी उन्हात ठेवायची, कपड्यांचा वास घ्यायची. वास नसायचाच.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीच्या आधी शनिवार-रविवार घरी आले होते. सकाळी चाचांच्या दुकानासमोर डबा घेऊन उभी असताना माझ्या वर्गातली एक मुलगी जीपमधून उतरली. तिच्या मावशीचं घर कामरगावला आहे. तिनं डब्यात पाहिलं आणि नाकाशी ओढणी धरून म्हणाली, "ई, हे कोण खातं गं?"

मांजर खातं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मला काय माहीत. आमचं नाहीये ते. मी सहज उभी आहे." आणि डबा चाचांच्या फळीवर ठेवून तिच्यासोबत चालू लागले. मागं वळून पाहिलं नाही. चाचांनी ऐकलं होतं. थोड्या वेळानं ते स्वतः डबा आमच्या शेडमध्ये ठेवून गेले.

सुट्टीला येताना मी वाशीमच्या दुकानातून मांजरीच्या कोरड्या खाण्याचा पुडा आणला. अब्बांना सांगितलं की कच्च्या मांसात जंतू असतात. हे खोटं नव्हतं. पण मी ते जंतूंसाठी म्हणत नव्हते.

अब्बांनी पुडा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "काय लिवलं हाय, वाच बरं."

पुड्यावर सगळं इंग्रजीत होतं. अब्बांना उर्दू वाचता येतं, मराठी जमेल तसं, इंग्रजी नाही. मी ओळीवर बोट ठेवून एक-एक वाक्य मराठीत सांगू लागले. यात प्रथिनं आहेत. दात मजबूत राहतात. केस चमकतात. अब्बा मधूनमधून "अस्सं" म्हणत होते. मला खूप मोठं झाल्यासारखं वाटत होतं. मग खाली बारीक अक्षरातली ओळ आली. जवळ ताजं पाणी कायम ठेवावं.

माझं बोट तिथं थांबलं. ही ओळ वाचली तर अब्बा म्हणतील, शेडमध्ये पाणी? मग नेऊन दे तुवा पुडा वापस. आणि उद्यापासून पुन्हा डबा, फळी, ओढणी. मी बोट उचललं आणि म्हटलं, "बस, एवढंच."

"मंग दे बाप्पा," अब्बा म्हणाले. "कॉलेजाचं खानं खाऊन मजूर उंदरायले इंग्रजीत बलावते का पाहू."

चाचांकडं जाऊन वाटा नको म्हणून सांगायचं काम मी अब्बांवर ढकललं. ते परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "चाचा म्हने, पोट्टी म्हनते तं ठीक."

बोक्याला खाणं आवडलं. आवडलं नसतं तर बरं झालं असतं. ऊन वाढत गेलं. मी त्याच्यासाठी बाहेर माठाजवळ पाण्याची वाटी ठेवली होती, म्हणजे मला ती ओळ पक्की आठवत होती. पण दार लोटलेलं असायचं, आणि कुत्री वाटी उपडी करायची, आणि दोन-तीन दिवसांनी मीही ती भरायचं सोडून दिलं. छिछड्यांत ओल असते, त्यावर त्याचं भागत होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एका सकाळी तो थप्पीवर आला नाही. कोपऱ्यात एका पोत्यावर पुनःपुन्हा बसत होता, जोर करत होता आणि ओरडत होता. लघवीचा थेंब पडत नव्हता. अब्बांनी हात लावला तर फिस्कारला. अब्बांवर तो कधी फिस्कारला नव्हता.

आम्ही त्याला एका पोत्यात घातलं, तोंड मोकळं ठेवून, आणि जीपनं तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. वाटेत तो ओरडायचाही थांबला. अब्बा पूर्ण रस्ताभर पोत्यावर हात ठेवून होते. "जिता हाय ना?" असं मला दोनदा विचारलं, जसं काही मला माहीत असणार होतं.

डॉक्टरांनी बारीक नळी घालून लघवी काढली. लाल होती. हात धुताना त्यांनी विचारलं, "खायला काय देता?"

मी पुडा सोबत आणला होता. तो पुढं केला.

"खाणं वाईट नाही," डॉक्टर म्हणाले. "पण कोरडं आहे. पाणी पाहिजे सोबत. पुड्यावर लिहिलेलं असतं की. वाचलं नाही का तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत अब्बा बोलले. "वाचलं ना साहेब. माही पोट्टी कॉलेजात हाय. तिनं पुरं वाचून दाखोलं मले. तसं काई नोतं लिवलं त्याच्यात."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, पुड्याकडं पाहिलं. ती ओळ त्यांच्या अंगठ्याखाली होती. त्यांनी पुडा टेबलावर ठेवला. तेवढ्या वेळात मी सहज बोलू शकले असते. भिंतीवरचा पंखा आमच्याकडं वळला, परत गेला, पुन्हा वळला. मी पंखा पाहत राहिले.

डॉक्टर म्हणाले, आजचा-उद्याचा दिवस काढला तर वाचेल. काही दिवस मांस उकडून रश्श्यासकट द्या.

अम्मीनं चुलीवर छिछडे उकडले. ते कुणी आणले मला माहीत नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बोका उठला, थोडा रस्सा चाटला आणि शेडच्या मागं राखेत जाऊन बसला. थोड्या वेळानं राख ओली झाली. अब्बांनी ती बोटानं चाचपून पाहिली आणि मोठ्यानं म्हणाले, "या अल्ला, शुक्र!"

आता सगळं नीट झालं होतं. काही सांगायची गरज उरली नव्हती. म्हणूनच मला स्वस्थ बसवेना. मी पुडा घेऊन शेडमध्ये गेले. अब्बा पोतं शिवत होते.

"अब्बा, एक ओळ राहिली होती वाचायची." मी बोट ठेवलं आणि ती वाचली. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

दाभण थांबलं नाही. "मले ठाव हाय," ते म्हणाले. "तुवं बोट थांबलं होतं तिथं. मले वाटलं, पोट्टीले तेवढं येत नसन. आता दवाखान्यात साहेबासमोर कायले तुही इज्जत काढू? इंग्रजी काय सोपं हाय?"

म्हणजे त्यांनी डॉक्टरांना खोटं सांगितलं होतं, तेही मला वाचवायला. मला वाचता आलं नाही असं समजून. त्यांनी माझ्यासाठी एक चांगली वाट उघडी ठेवली होती. मान खाली घालून हो म्हणायचं, येत नव्हतं. इंग्रजी खरंच अवघड आहे.

"येत होतं, अब्बा," मी म्हटलं. "कळलं होतं. मी गाळलं."

आता दाभण थांबलं. "काहून?"

मी सांगितलं. जीपमधून उतरलेली मुलगी, डबा, आणि मी काय म्हणाले ते. चाचांनी ऐकलं तेही. सांगताना अडखळत होते. माझं संपल्यावर त्यांनी सुतळीला गाठ मारली आणि दातानं तोडली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तो त्याचा वाटा होता बेटा," ते म्हणाले. "कामाचा. तू त्याले घान समजली, तं मंग मी बी घानेरडंच काम करून राह्यलो ना इथं."

मग पोतं झटकून थप्पीवर टाकलं. "सकाळी तू जाय चाचाकडं."

मी गेले. गिऱ्हाईक होतं, दोन बाया, एक म्हातारे गृहस्थ. मी बाजूला थांबले नाही, रांगेतच उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा डबा फळीवर ठेवला आणि म्हटलं, "चाचा, आमच्या बोक्याचा वाटा."

जेवढ्या मोठ्यानं म्हणायचं ठरवलं होतं, तेवढ्या मोठ्यानं आवाज निघाला नाही. चाचांनी कान पुढं केला. "काय म्हने? कोनाचा?"

"आमचा," मी म्हटलं.